हमीदच्या पायांना मागणी

मागणी

सदुसष्ट साली दुबईत, देऱ्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या वाळूत, हमीदने खलाशांच्या संघावर तीन गोल चढवले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला मागणी आली. मुंबईच्या एका कॉलेजचे प्राध्यापक मुनीर परकार बोटीने मेहुण्याकडे दुबईला आले होते. त्यांनी सामना पाहिला आणि निरोप धाडला, “मुलाला बघायला येतो.”

निरोप आला हमीदच्या बापाला, याकूबला. पण कंबर कसली आईने. बदरुन्निसाने रत्नागिरीत दोन लेकींचे निकाह पार पाडले होते. फुटबॉलसाठी का असेना, पोर दुसऱ्याच्या घरी जायचं म्हणजे बोलणी आलीच.

मुलगा दाखवणं

सरबताचा ट्रे तिने हमीदच्याच हातात दिला. त्याची मान खाली होती. लाजून नव्हे, ग्लास काठोकाठ होते म्हणून. परकारसरांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. नजर थेट पिंढऱ्यांवर.

“चालून दाखव जरा.”

“अहो, ऐकलंत?” पडद्याआडून बदरुन्निसा नवऱ्याला म्हणाली. “आपल्या मुलींनासुद्धा कुणी चालायला लावलं नव्हतं.”

चौकशी

— हॉस्टेल?

— फुकट, भाभी.

— खाणं?

— रोज अंडी.

— फी?

— माफ. स्पोर्ट्स स्कॉलरशिप.

— आणि वर्ग?

— ती काळजीच नको. हजेरी आम्ही लावून टाकतो. त्याने फक्त ग्राउंडवर यायचं.

हमीदचा चेहरा ईदच्या चंद्रासारखा उजळला.

“म्हणजे घरात घेणार,” पडदा म्हणाला, “पण नांदवणार नाही.”

मेहर

पडदा बाजूला झाला. बदरुन्निसा समोर येऊन बसली.

“पाय मोडला तर?”

“अल्ला न करो, भाभी!”

“अल्ला न करो. पण मोडला तर?”

“स्कॉलरशिप खेळाची असते. खेळ संपला की...”

“खलास,” शेजारच्या जमालने वाक्य पुरं केलं. त्याला गवाह म्हणून बोलावलं होतं आणि तो तिसऱ्या ग्लासावर होता.

“म्हणजे तलाक,” बदरुन्निसा म्हणाली. “तलाक दिला तरी बायकोला कबूल केलेली मेहर बुडवता येत नाही, सर. आमची मेहर ऐका. पाय राहो न राहो, बी.कॉम. होईपर्यंत फी, खोली, जेवण. आणि रोज वर्गात बसवायचं.”

“अम्मी!” हमीद ओरडला. पाय मोडायची गोष्ट त्याने शांतपणे ऐकली होती.

“अगं, हातचं स्थळ जाईल,” याकूब कुजबुजला.

धास्ती तिलाही होती. घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हमीद इथेच राहिला तर पायातला बॉल जाऊन बापासारखी खांद्यावर गोणी येणार, खाडीच्या धक्क्यावर, हे तिला दिसत होतं. तरी ती हलली नाही.

परकारसरांनी डोळे मिटले. बहुधा मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना समोरच्या कॉलेजचा बचाव दिसला असावा आणि तो फाडून पळणारा हमीद.

कबूल

“ठीक आहे. देतो.”

“असं नाही. गवाहांसमोर. तीनदा.”

याकूब आणि जमाल सावरून बसले.

“कबूल.”

“कबूल.”

तिसरं ओठांवर आलं आणि बदरुन्निसाचा हात वर गेला. “थांबा.”

धाकट्या जावयाचा दमा सासरच्यांनी निकाह झाल्यावर सांगितला होता. ते ती विसरली नव्हती.

“मुलगा गणितात दोनदा नापास झालाय. तिसऱ्यांदा मॅट्रिक सुटला, तोही काठावर. वर्गात बसवलंत म्हणून पास होईलच, असं मी म्हणणार नाही. आता बोला.”

याकूबने कपाळावर हात मारला. जमालने सरबत गिळायचं थांबवलं. बाहेर खाडीवरून कुठल्या तरी लाँचचं इंजिन धडधडत गेलं.

परकारसर हमीदच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

“गणिताचे मास्तर माझ्या शेजारीच राहतात,” ते अखेर म्हणाले. “पहाटे प्रॅक्टिस. प्रॅक्टिसच्या आधी शिकवणी. रोज. रविवारीसुद्धा.” मग खाकरून, गवाहांकडे वळून म्हणाले, “कबूल.”

“मुबारक!” जमाल ओरडला.

बदरुन्निसाने पदराने डोळे टिपले. आणि इतका वेळ मजेत बसलेल्या हमीदने, सासरी निघालेल्या मुलीसारखा, आईच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदका दिला.