कोपऱ्यातल्या टेबलाची सभा

पूल कायमचा बंद करायचा ठराव किती वेळात झाला, सांगू? चाळीस सेकंदांत! सूचनाफलकावर "रस्त्यांचे विषय" एवढंच. गावच्या मंडळाचे पाच सदस्य, पाच हात वर, खेळ खलास. त्या पुलापलीकडे एकच घर आहे, माझी थोरली बहीण विनी तिथे एकटी राहते. पूल गेला की ॲम्ब्युलन्सला डोंगराला वळसा घालून पन्नास मिनिटं लागणार, आणि विनीचं हृदय कधीचं कुरकुरतंय.

मी ताडकन उठले. "अहो हॅस्केल, यावर चर्चा केलीत कधी?"

"नागरिकांनी बोलायची वेळ सुरुवातीला असते, थेल्माबाई. नियम आहे," अध्यक्ष म्हणाले.

नियम! या माणसाच्या तोंडी नियम! अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्यात तीन सदस्य एकत्र बसून गावचं काम बोलले की ती सभा, आणि सभा म्हटली की आधी नोटीस आणि दार उघडं. हॅस्केल आणि आणखी दोन सदस्य मात्र रोज सकाळी डॉटीच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल अडवून, डोनट चघळत गाव चालवतात. सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन डॉटीपाशी आग पाखडली. ती बिचारी गल्ल्याखालून एक कागद काढून म्हणाली, "गेल्या आठवड्यातला आहे गं. फेकवेना मला."

ताटाखाली घालायचा कागद तो. त्यावर पेनाने काढलेला रस्ता, पुलावर फुली, तिघांच्या सह्या. खाली हॅस्केलच्या अक्षरात: "एकच घर. म्हातारी ८१. किती दिवस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच कचेरीत गेले आणि कारकुनाला म्हटलं, "मार शिक्का. गावच्या कामाचा कागद आहे, दप्तरी लाव." त्याने मुकाट्याने मारला. चोरून भरवलेल्या सभेचा पुरावाच तो! ठराव रद्द झाला, मंगळवारी पुन्हा मतदान ठरलं.

मंगळवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. विनीसाठी मी तीन मिनिटांचं जळजळीत भाषण लिहून नेलं होतं. तिने ते हातातसुद्धा घेतलं नाही. काठी टेकत पुढे गेली आणि तो कागद वाचला.

"एकच घर. म्हातारी ८१. किती दिवस?" मग हॅस्केलकडे बघून म्हणाली, "सांगा ना. तुमचा अंदाज काय?"

"नागरिकांच्या वेळेत मंडळ उत्तरं देत नाही," हॅस्केल पुटपुटला.

"बरं. आणि माझ्या तीन मिनिटांत मला कुणी थांबवायचं नाही, हाही नियमच ना? मग मी उभी राहते."

आणि राहिली. टेबलावरचं घड्याळ टिकटिकत होतं. विनी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि एकाचीही नजर वर होईना. बघा म्हणावं आता! अडीच मिनिटं केवढी लांब असतात ते मला तेव्हा कळलं.

घंटी वाजली. मतदान पुकारलं. पूल बंद करायला एकही हात वर झाला नाही, हॅस्केलचासुद्धा.

विनीला घरी सोडायला निघाले. वाटेत मी त्या तिघांना शिव्या घालत होते, तोंडाला खळ नव्हता.

मग विनी म्हणाली, "थेल्मे, अकरा वर्षं तू त्यांच्या शेजारच्याच टेबलावर अंडी खातेस ना गं?"

गाडी पुलावर आली होती. मीही नजर समोरच्या रस्त्यावरच ठेवली.