हेल्मेटमधला काळा प्लग

आमच्या क्लबात मतदान गुप्त असतं, असा आमचा समज. टेबलावर एक जुनं हेल्मेट उलटं ठेवायचं, वर फडकं. नियम हवा असेल तर आत हात घालून जुना स्पार्क प्लग टाकायचा, नको असेल तर नट. मंडळी सगळी हौशी. कुणी रंगारी, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी टायरवाला. घरी जोडलेल्या गाड्या सुट्टीच्या दिवशी सरळ पट्टीवर पळवायच्या, एवढाच आमचा उद्योग. पण नियमांवर भांडायला बसलो की जगाचा गाडा आम्हीच ओढतोय असं वाटावं!

त्या दिवशी सभा टायरवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत होती. मागच्या शर्यतीत एका गाडीने पट्टीच्या शेवटी पेट घेतला होता. चालक कसाबसा वाचला. म्हणून टायरवाल्यांनी प्रस्ताव आणला: पट्टे बांधून बसलेल्या चालकाने दहा आकडे मोजेपर्यंत स्वतःहून गाडीबाहेर यायचं. नाही जमलं तर आपल्या गटात शर्यत नाही.

बोलताना ते छताकडे बघत होते. बाकी सगळे माझ्या ताईकडे.

आमची गाडी मी जोडतो, ताई पळवते. तिचा डावा गुडघा वाकत नाही. गिअर ऑटोमॅटिक असल्याने चालवताना अडत नाही, पण दारात सुरक्षेसाठी आडव्या बसवलेल्या लोखंडी पाइपावरून पाय बाहेर काढायला मी लागतो. म्हणून मी पट्टीच्या शेवटी उभा असतो.

"सरळ माझं नावच घाला की नियमात," ताई म्हणाली.

"तसं नाही हो, ताई," डॉक्टर चुळबुळले.

"तसंच आहे. त्यापेक्षा शेवटी दोन माणसं आणि आग विझवायचा सिलिंडर ठेवा. सगळ्यांच्याच कामाला येईल."

रंगाऱ्याने मान डोलावली. "बरोबर बोलतायत ताई."

"आणि माणसं वेळेवर पोचली नाहीत तर?" टायरवाले म्हणाले.

ताईने माझ्याकडे बोट केलं. "हा असतो ना तिथे! हा कधी उशिरा पोचलाय?"

मागच्या शर्यतीत शेजारची गाडी पेटली तेव्हा ताईची गाडी नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली होती. मी धावलो, आणि धाप लागून अर्ध्या वाटेत गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. धुरामुळे तिला ते दिसलंच नाही. मीही सांगितलं नाही.

हेल्मेट फिरलं. माझ्या एका खिशात नट होता, दुसऱ्यात सकाळीच आमच्या गाडीतून काढलेला प्लग. मी प्लग टाकला.

हेल्मेट टेबलावर रिकामं करून मोजलं, नियम एका मताने मंजूर झाला. कुणी टाळी वाजवली नाही. ताई मात्र हसली आणि सवयीने टेबलावरचे प्लग उचलून बघू लागली. प्लगचा रंग बघून इंजिनाची तब्येत ती अचूक सांगते. मला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण भीतीने डोकं चालेनासं झालं होतं.

"हा तेलकट. टायरवाले, तुमचं इंजिन तेल पितंय," ती म्हणाली. सगळे हसले. मग तिने एक काळाकुट्ट, काजळी धरलेला प्लग उचलला. पेट्रोल जास्त झालं की प्लग असाच काळा पडतो, आणि आमची गाडी ते जास्त घेतेय, यावरून सकाळीच आमचं वाजलं होतं. प्लग मुठीत धरून ताई बाहेर गेली.

मी मागोमाग गेलो. गाडी अजून ट्रेलरवर होती.

"बसव मला," ती म्हणाली. मी तिला आत बसवलं. तिने पट्टे बांधले, हेल्मेट घातलं. "मोज."

"ताई, अगं ऐक तरी—"

"मोज म्हटलं ना!"

मी मोजायला लागलो. तिने पट्टे झटकन सोडले, दोन्ही हातांनी पाइप धरला, अंग वर ओढलं. पाय पाइपाला अडला. तिने पुन्हा ओढलं. माझे हात आपोआप पुढे झाले.

"हात लावू नकोस."

नऊपर्यंत आलो आणि थांबलो.

"पुढे?"

"दहा," मी म्हणालो, आणि मला रडू कोसळलं.

ती पुन्हा सीटवर टेकली. हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"त्या दिवशी तू दिसला नाहीस," ती म्हणाली. "मी काचेतून बघत होते. धूर येत होता आणि तू दिसत नव्हतास. मला फार भीती वाटली रे."

तिने प्लग माझ्या हातात ठेवला, आणि बाहेर काढण्यासाठी दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले.