काकूचा व्हायरस

तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं, हे एकदा नातेवाइकांना कळलं की तुम्ही मेलात. दातांच्या डॉक्टरसमोर कोणी चहा ठेवता ठेवता जबडा उघडून बसत नाही. माझ्यासमोर मात्र मी चपला काढायच्या आतच, "जरा बघ ना, हळू चालतोय." हळू चालतोय म्हणे! मेलेला असतो तो.

काकाचा तर कुजला होता.

काका रेकॉर्ड खात्यातून रिटायर झाला. तिथे त्याचा एकच नेम होता: कागद अडवायचा नाही. समोर आला की सही, शिक्का, पुढचा. तीच सवय घेऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. पडद्यावर चौकट उगवली रे उगवली, की काका 'ओके' दाबून मोकळा.

"वाचतोस तरी का रे, काय विचारतायत ते?"

"विचारतायत म्हणजे त्यांचं काहीतरी अडलं असणार ना. आपण कशाला खोळंबा करा?"

त्याच्या या औदार्यामुळे पडद्याच्या वरून जाहिरातींच्या सात पट्ट्या उतरल्या होत्या, उजवीकडे जुगार चालू होता आणि खालच्या कोपऱ्यात एक बाई कमरेवर हात ठेवून काकाचीच वाट बघत होती. मधे चार बोटं जागा उरली होती, त्यात काका बातम्या वाचायचा.

"हे तीन अँटिव्हायरस कशाला?"

"एकाला नाही जमलं तर दुसरा."

"काका, तिघंही चोर आहेत."

"मग बरंच की. एकमेकांवर नजर ठेवतील."

मी इंटरनेटची वायर उपटली, माझ्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि झाडू हातात घेतला. पट्ट्या गेल्या, जुगार गेला, बाई गेली. काका म्हणाला, "तिचं काय वाईट होतं?" मी ऐकलंच नाही. एका कोपऱ्यात फोल्डर दिसला. नाव: 'व्हायरस'. शुद्ध मराठीत. चोरानं दारावर नावाची पाटी लावावी तसं! इतका प्रामाणिक व्हायरस मी जन्मात पाहिला नव्हता. उघडलासुद्धा नाही. कचरापेटीचेही लाड केले नाहीत, थेट उडवला.

तेवढ्यात काकू आली. "अहो, दूध संपलंय, जरा आणता?" काका उठला. दार लागलं तशी काकू माझ्या कानाशी. "अगं, आत माझं एक आहे. त्याला हात लावू नकोस हं. आज पाचच्या आत मासिकाला पाठवायचंय. त्यांनी छापायचं कबूल केलंय."

"काय आहे?"

"लिहिलंय काहीतरी. दोन वर्षं लिहितेय."

"कुठे ठेवलंयस?"

"व्हायरसमध्ये." काकू खुशीत हसली. "तसं नाव दिलं ना, म्हणून हे फिरकत नाहीत तिकडे. बाकी सगळं उघडतात मेले."

तो फोल्डर मी नुकताच उडवला होता. तिला सांगितलं. काकू रडली नाही, किंचाळली नाही. नुसती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "दुसरी प्रत नाही." तेव्हा मला माझी इतकी चीड आली की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. काकाला न वाचता 'ओके' दाबतो म्हणून हसत होते, आणि मी काय केलं होतं?

पण उडवलेलं लगेच मरत नाही. त्याच्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत ते तिथेच पडून असतं. म्हणजे आता त्या मशीनवर एक अक्षरही चढू द्यायचं नव्हतं. मी पेनड्राइव्हवरचा प्रोग्रॅम शोधायला लावला, सापडेल तेही पेनड्राइव्हवरच उतरवायचं. पण परत आलेल्या फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. एकेक उघडून बघायची. विजेचं बिल. काकाच्या पेन्शनचा अर्ज. पुन्हा पेन्शनचा अर्ज. साडेचार वाजले.

काका दूध घेऊन आला आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारीच बसला. हाकलणार कसं? त्याचंच घर. मी पुढची फाइल उघडली आणि नेमकी तीच निघाली.

'या माणसानं आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नाही. मला सोडून.'

काका पुढे वाकला.

"हे कोणी लिहिलंय?"

"व्हायरसनं," मी म्हणाले.

"मराठीत?"

"आता सगळ्या भाषांत येतात."

काका वाचत राहिला. मी पान हलवलं नाही की तो माझ्या कोपराला ढोसायचा. बाराव्या पानावर एका निळ्या कोटापाशी थांबला. "या व्हायरसला कसं माहीत, की मी हिला नोकरी करू दिली नाही?"

"करू दिली नाही काय!" पलंगावरून काकू कडाडली. "मी अर्ज लिहून तुमच्या हातात दिला होता, टपालात टाकायला. अख्ख्या खात्याचे कागद सोडलेत. माझा एक अडवलात!"

काका हळूच म्हणाला, "हरवला होता तो."

"कोटाच्या आतल्या खिशात. मी धुतला तो कोट."

पाचला नऊ मिनिटं होती. मी फोनमध्ये फाइल घेतली, काकूनं सांगितलेला मासिकाचा ईमेल टाकला. "काकू, पाठवू?"

"थांब," काका म्हणाला. "बारावं पान काढ त्यातलं. लोक ओळखतील मला."

"पाठव," काकू म्हणाली.

"अगं, सून वाचेल! खात्यातली माणसं वाचतील!"

"वाचू देत."

काकानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याची पुतणी, रक्ताची. काकू बाहेरून आलेली. पण दोन वर्षांचं लिखाण मी न बघता उडवलं होतं, आणि तरी ती बाई मला एक शब्द बोलली नव्हती. मी पाठवलं. बाराव्या पानासकट.

फोननं टिंग केलं. काका खुर्ची काकूकडे वळवून म्हणाला, "पण तो कोट तपकिरी होता. तू निळा लिहिलायस."

"निळाच होता!"

"तपकिरी!"

मी चपला घातल्या. दोघांपैकी कोणाचंही लक्ष नव्हतं.