साठ किलोचा घोडा

मंजुश्रीने घोडा जवळून पाहिला होता तो एकदाच, माळेगावच्या जत्रेत, आणि तेव्हाही ती दोन पावलं मागेच सरकली होती. पण तिच्या लॅपटॉपमध्ये हैदराबादच्या रेसकोर्सवरच्या दोनशे बारा शर्यती ओळीने मांडलेल्या होत्या. नांदेडला संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून ती लातूरला शिवप्पामामांकडे आली होती. नोकरी लागेपर्यंत त्यांच्या धान्याच्या आडतीवर बसायचं, आणि रिकाम्या वेळात हे. तीन महिन्यांत तिने एक रुपयाही लावला नव्हता. कागदावर घोडा निवडायचा आणि संध्याकाळी निकाल ताडून पाहायचा, एवढंच. कागदावर ती नफ्यात होती.

एक दिवस तो कागद मामांच्या हाती लागला.

मामांनी मोबाइलवरच्या रमीत एकदा हात पोळून घेतले होते. शिवरात्रीला इष्टलिंगावर हात ठेवून त्यांनी बसम्मामामीला शब्द दिला होता, पुन्हा जुगार नाही. "पर हा जुगार न्हाई, मंजे. हे गणित हाय," असं म्हणून त्यांनी मुलाच्या, संगमेश्वरच्या, क्लासच्या फीचे चाळीस हजार खिशात घातले आणि हरभऱ्याच्या सौद्याचं निमित्त सांगून रविवारी हैदराबाद गाठलं. फी बुधवारी भरायची होती. नको म्हणायला मंजुश्रीची जीभ रेटली नाही. आपलं गणित कुणीतरी खरं मानलं, याचं तिला बरंही वाटलं होतं.

घोडा तिनेच काढला होता. गोल्डन मोहर, सोमवार, सव्वातीनची शर्यत. शर्यतीत प्रत्येक घोड्याच्या पाठीवर ठरवून वजन देतात, हे तिला माहीत होतं. दोनशे बारा शर्यतींत जास्त वजन दिलेले घोडे जास्त वेळा जिंकले होते. म्हणून तिच्या सूत्रात वजनाला अधिक गुण होते. गोल्डन मोहर मागच्या वेळी साडेचोपन्न किलो घेऊन जेमतेम एका मानेच्या अंतराने जिंकला होता. आज त्याच्यावर साठ किलो होतं. गुण भरपूर.

सोमवारी दुपारी आडतीसमोर ट्रक भरला जात होता. लिंबाजी हमाल पाठीवर दोन पोती घेऊन फळी चढत होता, आणि एकेक पोतं घेतलेली तरणी पोरं त्याला मागे टाकून जात होती. तो दम खायला बसला तेव्हा ती सहज म्हणाली, "लिंबाजीकाका, आज मागं पडलात."

"पडनारच की, ताई. गडी दमदार म्हनून मुकादम दोन पोती देतोय. दोन पोत्यानं दम येतो व्हय? असलेला जातोय."

मंजुश्रीचा पेन हातातच राहिला.

चांगल्या घोड्याला वजन देतात. सगळ्यांची संधी सारखी व्हावी म्हणून देतात. वजनाने घोडा जिंकत नव्हता, वजन असूनही जिंकत होता. तिने ओझ्यालाच ताकद समजून गुण दिले होते. पहिल्या वर्षाच्या पोरानेही केली नसती अशी चूक, आणि तिच्यावर चाळीस हजार.

दोन पन्नास झाले होते. तिने मामांना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. मेसेज टाकला, तो वाचलाच गेला नाही. तीन नऊला फोन उचलला गेला. मागे नुसता गलका.

"मामा, लावू नका! माझं गणित उलटं झालंय. त्याच्यावर ओझं जास्त आहे!"

"लावलं की गं! एकास तीन भाव! आन् घोडा बघितला म्या, कसला चमकायलाय! सोमवारचा उपास हाय माझा, महादेव बघून घेईल."

फोन बंद झाला. त्यानंतरची अकरा मिनिटं ती भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी होती. मग मामांचा एकाच शब्दाचा मेसेज आला: "आला!"

मंगळवारी सकाळी मामा पेढे घेऊन घरी आले. बसम्मामामी आत भाकरी थापत होती. सौदा झकास झाला, असं तिला ओरडून सांगून त्यांनी मंजुश्रीच्या हातावर पेढा ठेवला.

"मामा, घोडा आला, पण गणित चुकीचंच होतं. मी नीट मांडून बघितलं. दहा वेळा असं लावलं तर आठ वेळा बुडाल."

"उत्तर बरोबर आलं ना? मग मार्क देत न्हाईत व्हय?"

"पायऱ्या चुकल्या तर नाही देत."

"बाजारात पायऱ्या कोन बघतंय, येडे?" त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या सोमवारचा घोडा काढ. येक लाख लावतो."

कालच्या अकरा मिनिटांत तिला एवढी भीती वाटली नव्हती. हरले असते तर त्यांनी ऐकलं असतं. आता तिचं कशाला ऐकतील? तिने हातावरचा पेढा परत खोक्यात ठेवला.

"मामी, जरा बाहेर या."

"मंजे," मामा दबक्या आवाजात म्हणाले, "गप."

पिठाचे हात पदराला पुसत बसम्मामामी दारात आली. "काय गं?"

"मामी," मंजुश्री म्हणाली, "हरभऱ्याचा सौदा झालाच नाही. आणि घोडा मी काढून दिला होता."