एकेचाळीस दिवस चालू

अनुजाने तिसऱ्यांदा तीच कमांड टाइप करून एंटर दाबलं, आणि पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं. इन्स्टॉल होणार नाही, कुलूप लागलंय, प्रोसेस नंबर ४१२७ आधीच काम करते आहे.

"काय म्हणतंय?" खुर्चीमागून बाबासोंनी विचारलं.

"दुसरं कुणीतरी आधीच इन्स्टॉल करतंय म्हणतंय, काका. ते संपल्याशिवाय मला हात लावू देईना."

"दुसरं कोण असणार? ह्या खोलीत कोण येत न्हाय."

खोली त्यांच्या मुलीची, तेजस्वीची होती आणि कॉम्प्युटरही तिचाच. विंडोज काढून लिनक्स तिनेच घातलं होतं. ती गेली त्याला सव्वा महिना होऊन गेला होता. डेस्कटॉपवर तिची एकच फाइल होती, 'आप्पांसाठी' नावाची, बाबासोंना ती आप्पा म्हणायची, आणि ती उघडणारं ऑफिस सॉफ्टवेअर मशीनवर नव्हतं. जुनं काढलेलं दिसत होतं, नवं बसत नव्हतं. आदल्या दिवशी आलेला मेकॅनिक दहा मिनिटं खाटखुट करून "फाइल करप्ट झालीया, फॉरमॅट मारूया" म्हणून गेला होता. अनुजाला असल्या माणसांचा भयंकर राग यायचा. स्वतःला येत नाही म्हणायला जीभ जड होते का यांची? कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नऊ वर्षांत तिने एकाही गिऱ्हाइकाला हे खोटं सांगितलं नव्हतं.

"फाइल पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर उघडू का? दोन मिनिटांचं काम हाय."

"न्हाय. ती घराबाहेर जायची न्हाय." बाबासो पलंगाच्या कडेवर बसले. "ताई, तुम्हाला सांगायला पायजे. पंचगंगेच्या घाटावर पाय घसरला असं पोलिसांनी लिहिलंय. गल्ली दुसरंच बोलतीया. तोंडावर न्हाय बोलत, पण मी गेलो की गप्प होत्यात. मला एकदा काय ते कळू दे. कसंबी असू दे."

 अनुजा पडद्याकडे वळली. "मग रीस्टार्ट करते. कुलूप आपोआप सुटंल."

"बंद करायचा न्हाय!"

दारात सुरेखाकाकू उभ्या होत्या, तेजस्वीच्या आई. हाताला पीठ होतं.

"तिनं लावलेला हाय तो," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापास्नं बंद केलेला न्हाय. लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालतोय."

अनुजाने पाहिलं. मशीन एकेचाळीस दिवस अखंड चालू होतं. माणूस गेलं की त्या जागी दिवा ठेवतात, तो विझू देत नाहीत. तेरा दिवसांनी तो शांत झाला, पण हा राहिला होता. रीस्टार्ट केल्यावर जे एका मिनिटात मिटलं असतं, ते म्हणूनच इतके दिवस अडकून पडलं होतं.

तिने नंबर ४१२७ शोधायला घेतला. तो त्याच मशीनच्या मागे दडलेल्या दुसऱ्या डेस्कटॉपवर सापडला. एक काळी खिडकी उघडी होती आणि शेवटच्या ओळीवर कर्सर लुकलुकत होता.

"काका, हे तेजस्वीनंच चालू केलंय. त्याच दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. नवं ऑफिस घालत होती, मराठी मेनूसकट. मशीन विचारतंय, पुढं जाऊ का? तिनं हो म्हणायचं राहिलंय."

"चार दहाला?" बाबासो उठून उभे राहिले. "साडेचारला ती गेली की घरातनं! म्हणजे काम अर्धं टाकून गेलेली. मला इंग्रजी येत न्हाय म्हणून मराठी घालत होती. मला शिकवणार होती!" ते दाराकडे वळले. "सुरेखा, ऐकलंस? परत येणार होती पोरगी. जाणारं माणूस असलं काय करत बसतंय व्हय?"

काकूंनी पदराला हात पुसले. "हो म्हणायला कुठलं बटण?"

अनुजाने दाखवलं. त्यांनी एका बोटाने ते दाबलं. काळ्या खिडकीत ओळी सरसर वर जाऊ लागल्या. बाबासो थांबलेच नाहीत. पायात चपला अडकवून, डोळे पुसत, ते गल्लीत सांगायला निघून गेले, आणि काकू चहा टाकायला आत वळल्या.

सात मिनिटांत सगळं बसलं. अनुजाने फाइलवर क्लिक केलं. वर मेनू शुद्ध मराठीत आले. फाइल शेवटची सेव्ह झाली होती तीन चाळीसला, म्हणजे इन्स्टॉल सुरू करण्याच्या अर्धा तास आधी. आत चार ओळी होत्या.

'आप्पा, आता सगळं मराठीत करून ठेवते. पुढे कुणाला विचारायला लागू नये. माझ्यावर रागावू नका, तुमचं काही चुकलं नाही. आईला एवढंच सांगा, पाय घसरला.'

अनुजाने ते दोनदा वाचलं. तिने खिडकी बंद केली. फाइल पुसून टाकावी असं एकदा मनात आलं, पण तिचं मन धजेना.

काकू चहा घेऊन आल्या.

"उघडली?"

"न्हाय, काकू." तिने मान वर केली नाही. "करप्ट झालीया फाइल."

काकूंनी कप टेबलावर ठेवला. त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. 

"पाय घसरला तिचा," शेवटी त्या म्हणाल्या. "मी पहिल्यापास्नं तेच सांगतीया."

"व्हय, काकू."

बाहेरून बाबासोंचा मोठा आवाज येत होता. कुणाला तरी थांबवून ते चार दहाचं सांगत होते.

"बंद करा आता त्यो," काकू म्हणाल्या. अनुजाचा हात उठेना, तेव्हा त्यांनीच वाकून भिंतीवरचं बटण खाली केलं.