काळ्या फडक्यातली लस

मित्रांनो, कल्याणच्या दवाखान्यातल्या कपाटात इंजेक्शनची एक काचेची पिचकारी पडून आहे, ती मी. माझा दट्ट्या सैल झाला आहे, त्यामुळे आता मला कोणी उकळत नाही. तरीही माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

क्षयावरची नवी लस गावोगाव टोचायला निघाली, तेव्हा मी सुहासिनीबाई या नर्सच्या हाती आले. बाई मला उकळून, निववून डब्यात ठेवत. लसीला ऊन चालत नाही, म्हणून तिची बाटली काळ्या फडक्यात असे. लोकांना त्या फडक्याचाच संशय येई. "सरकार काय लपवतंय?" असं कुजबुजत ते दारं लावून घेत.

मानपाडा गावात आधी मुलांच्या हातावर तपासणीची सुई दिली होती. तीन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तर तिथली हौसाबाई वाटेतच आडवी उभी. तिचा नवरा घरात खोकत पडलेला. तिच्या थोरल्या मुलाचा, मारुतीचा हात सुई दिली तिथे लाल होऊन सुजला होता.

"तुज्या सुईनं माज्या पोराला रोग लावला!"

गर्दी पुढे सरकली. डब्यात मी खुळखुळले.

सुहासिनीबाई जागच्या हलल्या नाहीत. "नाही हौसाबाई. रोगाचे जंतू त्याच्या अंगात आधीच शिरलेत, ते सुईनं दाखवलं. त्याला ही लस द्यायची नाही. उद्या त्याला आणि त्याच्या बापाला डॉक्टरांकडे नेऊ. पण शालूच्या हातावर काही उठलं नाही. तिला लस हवी."

हौसाबाईने धाकट्या शालूला पदराआड ओढलं. "नवी हाय ना ही? जन्मभर पुरंल?"

मागून लसीच्या कामावर देखरेख करणारे आमचे साहेब पुटपुटले, "हो म्हणा, अन् उरका."

"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "बरीच वर्षं पुरेल असं वाटतं, पण शपथ घेणार नाही. हाताला फोड येईल, पिकेल, व्रण राहील. फोड आला की मी बघायला येईन."

हौसाबाईने पदर बाजूला सारला. मग तिने शालूचा दंड पुढे केला. त्या कोवळ्या कातडीत शिरताना मीच धास्तावले होते.

फोड आला, पिकला. शब्द दिल्याप्रमाणे बाई आल्या, फोड सुकेपर्यंत येत राहिल्या. मारुतीवर डॉक्टरांनी नजर ठेवली आणि तो धडधाकट राहिला. त्याचा बाप मात्र वाचला नाही. तेरावं उरकल्यावर हौसाबाई शालूला कडेवर घेऊन घरोघर फिरली. "बाई खोटं बोलत नाय," एवढंच ती सांगे. पुढच्या खेपेला इतकी दारं उघडली, की लस पुरली नाही.

मित्रांनो, किती दंडांत शिरले मी! त्यांच्यातलं लसीचं बळ अजून टिकून असेल का? मला कळायला मार्ग नाही, म्हणून ही तळमळ. नवी लस आली तर घाबरून दार लावू नका. बाहेर या आणि मनातलं विचारा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती सुई आली, तर विचारणाऱ्या आईला खरं तेच सांगा, उत्तर ठाऊक नसलं तरी.