लाव्हा पाहिलेला माणूस

"लाव्हा म्हणजे सासरी निघालेली पोर. पाऊल उचलता उचलत नाही," बाबा सांगत होते.

गालांना साबण, गळ्याला चादर, आणि सलूनवाले काका वस्तरा हवेत धरून ऐकत होते. बाकावर शिंपीणकाकू होत्या, बेकरीवाला होता, आणखी दोघंतिघं होते. शिंपीणकाकूंचं सलूनमध्ये काय काम, असं कोणी विचारत नसे. बाबा बोलायला लागले की गल्ली तिथे जमायची.

"तो वळणावर दिसला की आपण घरात जायचं. कपाट रिकामं करायचं, चहा प्यायचा, कुलूप लावायचं आणि निघायचं. घर जातं, जीव जात नाही."

"घरच जाणार तर कुलूप कशाला?" बेकरीवाल्याने विचारलं.

"सवय," बाबा म्हणाले.

सगळे खो खो हसले. मी दारात उभी होते. मला हसू आलं नाही, कारण मी शाळेतल्या सभेतून सरळ तिथेच आले होते.

बाबा थापा मारत नव्हते, हे आधी सांगायला हवं. आमचं मूळ घर बेटावर. तिथला डोंगर पालथ्या ताटासारखा पसरट. अधूनमधून त्याला कुठेतरी भेग पडायची, लाव्हा ओघळत खाली यायचा, रस्ता गिळायचा आणि समुद्रात जाऊन विझायचा. तो निवला की रस्ते खात्याची माणसं त्याच्यावरूनच नवा रस्ता करायची, आणि रोलरवर बाबा असायचे. जन्मभर त्यांनी तेच केलं. आमचं पहिलं घर गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, आणि आईने खरोखरच चहा केला होता, असं ती स्वतः सांगायची.

आई गेल्यावर मी बाबांना माझ्याकडे आणलं. आमचे हे ट्रकवर, घरी आले तर पाहुण्यासारखे. परक्या गावात म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतो? पण या गावाच्या डोक्यावरही ज्वालामुखी होता, गावात कोणी तो जागा झालेला पाहिला नव्हता, आणि लाव्हा पाहिलेला माणूस गल्लीत एकच होता. बाबांचे 'रोलरकाका' झाले. सलूनवाले काका त्यांची दाढी रांग मोडून करायचे. बाबांची पाठ या वयात पुन्हा ताठ झाली होती, आणि मला ते बघायला फार आवडायचं.

मग डोंगर धुमसायला लागला. पायऱ्यांवर पिठासारखी राख पडू लागली. गाव सोडा, असा हुकूम आला. वरच्या आळीतली माणसं गेली. आमच्या गल्लीतलं एकही माणूस हललं नाही. ज्याने लाव्हा पाहिलाय तो निवांत दाढी करतोय, तर आपण कशाला जीव घाबरा करायचा?

मी शाळेत शिपाई. सभेच्या खुर्च्या मांडायच्या आणि उचलायच्या, म्हणून सभा मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी लागते. त्या दिवशी डोंगरावर यंत्रं बसवणाऱ्या बाई आल्या होत्या. आवाज बसलेला, बुटांना चिखल. त्या म्हणाल्या, डोंगर डोंगर सारखे नसतात. बेटाखालून तापलेला खडक थेट वर येतो, त्याचा रस पातळ असतो. वायू सहज सुटतो आणि रस वाहून जातो. इथे समुद्राचा तळ आपल्या जमिनीखाली घुसतोय. खोल गेला की त्यातलं पाणी वरच्या तापल्या खडकात शिरतं आणि खडक वितळतो. तो रस वर येईपर्यंत घट्ट होतो. लांब वाहतच नाही, तोंडाशी थिजतो, म्हणून हा डोंगर असा उभा. आत वायू कोंडलेला. फुटला की तापलेली राख आणि वायू यांचा लोट उतारावरून येतो, आणि मोटार पळवली तरी गाठतो.

सलूनवाले काका उठून म्हणाले होते, "आमच्या गल्लीतले एक गृहस्थ सांगतात, लाव्हा चालत येतो."

"खरं सांगतात. पण त्यांच्या डोंगराचं," बाई म्हणाल्या.

परत येताना काका बेकरीवाल्याला म्हणाले, "बाईंनी पुस्तकात पाहिलाय. रोलरकाकांनी डोळ्यांनी पाहिलाय." आणि दुकान उघडून त्यांनी बाबांच्या गालाला साबण लावला.

घरी मी बाबांच्या पुढ्यात चहा ठेवला. सभा, समुद्राचा तळ, बाई, यातलं काही काढलं असतं तर त्यांनी उडवून लावलं असतं. मी विचारलं, "बाबा, डांबराच्या पिंपात पाणी राहिलं तर काय होतं?"

"आज हे कुठून काढलंस?"

"सांगा ना."

"पातळ डांबर असलं तर बुडबुडे येतात नि जातात. घट्ट असलं तर तळाशी अडकतात. वर साय धरते. वरून बघावं तर सगळं गप." बाबा थांबले. त्यांचा एक जोडीदार तसाच गेला होता, मला ठाऊक होतं.

"मग?"

"मग पिंपाजवळ कोणी असू नये."

ते उठून खिडकीशी गेले.

"धूर कमी झालाय," ते म्हणाले.

"कालपासून. लोक खूश आहेत. यंत्रवाल्या बाईंना तेच आवडलेलं नाही. डोंगराचं पोट फुगतंय म्हणाल्या."

बराच वेळ ते डोंगराकडे बघत होते. माझा बाप घाबरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"गल्लीतून कोण कोण गेलं?"

"कोणीच नाही. तुम्ही आहात ना इथे."

चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "चपला कुठे आहेत माझ्या?"

सलूनमध्ये त्यांनी आधी सरळ सांगून पाहिलं. पिंप सांगितलं, साय सांगितली. माणसं हसली.

"लेकीने दम दिला वाटतं," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"रोलरकाका, तुमचंच वाक्य आहे. घर जातं, जीव जात नाही," बेकरीवाला म्हणाला. "आता शब्द फिरवू नका. चहाचं सामान काढून ठेवलंय आम्ही."

बाबा घामाघूम झाले होते. आपणच पेरलेलं इतकं घट्ट रुजलेलं त्यांना उपटता येईना. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"मी लाव्हा पाहिलेला नाही," ते म्हणाले.

"काय?"

"थापा मारल्या. मी रोलर चालवला नाही कधी. गोदामावर पहारा करायचो, समुद्राकाठी. डोंगर लांबून दिसायचा, तो पण आभाळ मोकळं असलं तर."

कोणी हसलं नाही.

"मग हातावर ते भाजल्याचे डाग?" सलूनवाल्या काकांनी विचारलं.

"चहाचं आधण सांडलं होतं."

काका माझ्याकडे वळले. "ताई, खरं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ज्या माणसाच्या कष्टावर मी वाढले, त्याचा जन्म एका शब्दात पुसायचा होता, आणि तो मीच पुसायचा होता.

"हो," मी म्हणाले. "त्यांना बोलायची सवय आहे."

काकांनी वस्तरा मिटला. "तुझ्या शब्दावर मी बायकोला थांबवून ठेवली," ते बाबांना म्हणाले. "माहेरी चालली होती, पिशवी भरली होती तिने. तुझ्या शब्दावर!"

तोवर काकांनी बाबांना कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

पुढचं झरझर झालं. काकांनी दुकानाचं फळकूट ओढलं, बेकरीवाल्याने भट्टी विझवली. संध्याकाळपर्यंत गल्ली रिकामी झाली. जाताना जो तो बाबांना काहीतरी ऐकवून गेला. शिंपीणकाकूंनी तर म्हातारचळ हा शब्द वापरला. बाबा दारात उभे राहून प्रत्येकाचं ऐकून घेत होते आणि कोण राहिलं ते बघत होते. सगळ्यांच्या मागून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी डोंगर फुटला. नदीपलीकडच्या छावणीतून आम्ही तो पाहिला. माथ्याची एक बाजू सरकल्यासारखी झाली, आणि करड्या ढगांचा ढीग उतारावरून खाली आला. आवाज नंतर आला. हातातला चहा निवायच्या आत आमची गल्ली त्याच्याखाली गेली होती. बायका रडत होत्या. बाबा खाली बसले आणि गुडघ्यांत डोकं घालून म्हणाले, "आणि मी यांना सांगत होतो, घरात जाऊन आधी कपाटं रिकामी करा."

छावणीत यंत्रवाल्या बाईंचं नाव झालं, आणि ते रास्तच होतं. बाबांचंही झालं. पोरं त्यांना बघून 'थापाड्या' म्हणत पळायची, मोठी माणसं जेवणाच्या रांगेत त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून उभी राहायची. मला ते सोसेना. एके दिवशी मी म्हणाले, "आता सांगते सगळ्यांना. तुमच्यामुळे जीव वाचलेत."

"गप बस."

"का म्हणून?"

"डोंगर अजून निवलेला नाही. काही जण सामान उकरायला परत जायचं म्हणतायत. पहिल्यांदा जोरात फुटला, आता नुसता ओघळेल, असं बोलणं चाललंय. मला पुन्हा शहाणा केलंस तर ते मला विचारायला येतील. मला या डोंगराचं काय कळतं? राहू दे. थापाड्याला कोणी काही विचारत नाही, ते बरं."

सलूनवाल्या काकांनी तंबूच्या आडोशाला एक खुर्ची मांडली होती. बाबा रांगेत शेवटी उभे राहिले. पाळी आली तेव्हा काकांनी चादर बांधली, साबण लावला, वस्तरा परजला. मी बाजूला टॉवेल घेऊन उभी होते. अर्धी दाढी झाल्यावर काकांना राहवलं नाही.

"आता तरी खरं सांग," ते म्हणाले. "जन्मभर करत काय होतास?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. बाबांनी चादरीखालून हात काढून माझं मनगट धरलं.

"काही नाही," ते म्हणाले. "बसून होतो."

काकांनी बोटाने त्यांची हनुवटी वर केली आणि गळ्यावरून वस्तरा सावकाश फिरवला.